मराठीचे पाच गुण

ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने माझी किंमत शून्य आहे, हे मला भाईंदर पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात कळलं. एसी गार होता, खुर्ची फिरती होती आणि समोरचा मुलगा चहा पाजून सांगत होता, त्यामुळे तिथे फारसं काही वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं.

खरं म्हणजे माझा तिथे काही संबंध नव्हता. ऑस्ट्रेलियाला जायचं होतं आमच्या पंचशीलाला. पंचशीला माझी मुलगी, नर्स आहे, आयसीयूत काम करते. बाहेरच्या देशांतून कुशल माणसं घ्यायला तिकडच्या सरकारने गुणांची पद्धत ठेवली आहे. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके, इंग्रजीचे इतके. बेरीज चांगली झाली तर बोलावणं येतं. मी जन्मभर महापालिकेच्या शाळेत गुणच देत आलो. एवढ्या लांबचं सरकारही आपल्यासारखं लाल पेन घेऊन बसलंय, याचं मला कौतुक वाटलं, म्हणून मी तिच्याबरोबर सल्लागाराकडे गेलो. निघताना माझी बायको राजश्री म्हणाली होती, "तिथे गप्प बसून या." मी पहिली दहा मिनिटं बसलोही.

सल्लागाराचं नाव भूपेश. तिशीचा, कोरलेली दाढी, बोलणं हिंदीत. मीही हिंदीतच बोललो. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली की हिंदी आपोआप सुरू होते, जसा जिन्यात पाय ठेवला की हात कठड्याला जातो.

"मॅडम का केस अच्छा है," भूपेश म्हणाला, "लेकिन पाँच पॉइंट कम हैं. और नवंबर में मॅडम तैंतीस की हो जाएँगी, तो एज के पाँच और जाएँगे."

म्हणजे वाढदिवस पाच गुण खाणार होता. आपण केक आणतो, मेणबत्त्या लावतो आणि तिकडे कोणीतरी शांतपणे गुण कापतो.

"और मेरे कितने होंगे?" मी सहज विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, पैंतालीस के ऊपर ज़ीरो."

"लेकिन अनुभव? इतने साल पढ़ाया है."

"फॉर्म ही नहीं भर सकते, सर. ज़ीरो ही समझिए."

मी कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही शून्य दिलं नाही कधी. नाव नीट लिहिलं असेल तर त्याचा एक गुण. पण हे बोलून दाखवण्याची ती जागा नव्हती, कारण पंचशीला टेबलाखालून माझा पाय दाबत होती.

मग भूपेशने उपाय सांगितला. एक भाषेची परीक्षा असते. रेकॉर्ड केलेला संवाद ऐकवतात. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा आपल्या भाषेत. आपण मध्ये बसायचं आणि याचं त्याला, त्याचं याला सांगायचं. पास झालं की पाच गुण. "हिंदी ले लीजिए," तो म्हणाला, "सब हिंदी लेते हैं. क्लास है, मटेरियल है."

"कौनसी कौनसी भाषा है?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. यादी लांब होती. मी चष्मा पुसून खाली खाली सरकत गेलो आणि मराठी दिसली.

इथे मला थोडं थांबून सांगू द्या. आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत आईबाप दाखला काढून न्यायला येत. शिपाई दाखल्यावर शिक्का मारेपर्यंत ते मला समजावत, "सर, तुमच्याबद्दल काही नाही. पण मराठीने पुढे काय होणार?" मी कोणाशी वाद घातला नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचो आणि दाखला द्यायचो. तुकड्या कमी होत गेल्या, वर्गात बाकं उरली आणि मुलं गेली. आणि आता जगाच्या दुसऱ्या टोकाचं एक सरकार, ज्याला मला एकही गुण द्यावासा वाटला नाही, ते माझ्या भाषेला पाच द्यायला तयार होतं.

"मराठी लिखिए," मी म्हणालो.

"सर, रिस्क है. मराठी का मटेरियल नहीं मिलता."

"मटेरियल मी आहे."

हे मी मराठीत बोललो. त्याला लगेच कळलं, त्याने मान डोलावली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी माझ्याच वाक्यावर खूश होतो.

परतताना रिक्षात पंचशीला गुणांच्या कागदाची घडी घालत आणि उघडत होती. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला म्हणाली, "पप्पा, ते पाच मार्क माझे आहेत, तुमचे नाहीत."

"हो."

"हॉस्पिटलमध्ये मी दिवसभर हिंदी बोलते. नापास झाले तर परत फी, परत तारीख, आणि तोपर्यंत वाढदिवस. संपलं मग."

"मग हिंदी घेऊ," मी म्हणालो. आवाज शक्य तितका मोठ्या मनाचा ठेवला.

सिग्नल सुटला. तिने कागद पर्समध्ये टाकला. "त्याने मला विचारलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "मला मराठी झेपणार नाही, हे धरूनच चालला होता. मराठीच राहू दे."

हा हट्ट तिने कुणाकडून घेतला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

घरी राजश्रीने गुणांचा कागद मागितला आणि पुण्याईचा हिशेब तपासावा तसा वाचला. एका ओळीवर बोट थांबलं. "हे दहा कसले?"

"एकटी असल्याचे," पंचशीला म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न झालेलं नाही म्हणून दहा."

राजश्री खुर्चीत बसली. गेली काही वर्षं ती या एकाच कामासाठी परभणीपासून पनवेलपर्यंत फोन करत होती. "लग्न न करायला सरकार गुण देतं?"

"बघ ना मम्मी. तुझ्याकडे ज्याचे कटत होते, त्याचेच तिकडे दहा मिळाले."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. कोणी मागितलं नाही.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टची एक खेप पुरली. सेक्रेटरी गुणवंतभाई आमच्या डोक्यावर राहतात. ते पायजम्यातच खाली आले. "मास्तर, मराठी कशाला घेतली? गुजराती घ्या. माझा भाचा मेलबर्नला हाय, तिकडे अर्धी दुकानं आपलीच."

"गुणवंतभाई, तिला गुजराती येत नाही."

"ते मी शिकवेल ना. टेन्सन नाय घेयाचा."

मुर्ध्याहून मासळी घेऊन येणाऱ्या विमलाबाईंनी पाटी दारात उतरवली आणि सगळं ऐकून घेतलं. "मराठीची परीक्षा? मंग आमची बोली हाय का त्यात?"

"नाही, विमलाबाई. प्रमाण मराठी."

"मंग कसली मराठी ती," म्हणाल्या आणि मांदेलीचा वाटा मोजून दिला. मी पैसे मोजून दिले. मांदेली मात्र चांगली होती.

दरम्यान हॉस्पिटलच्या अनुभवपत्राचं एक वेगळंच प्रकरण झालं. पत्रात ती नेमकं काय काम करते ते लिहायला हवं होतं. हॉस्पिटलच्या ऑफिसातून पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की ही मुलगी स्वभावाने चांगली आहे. मी ते परत नेलं. दुसरं आलं त्यात ती वक्तशीरही होती. तिसऱ्या खेपेला मी मजकूर स्वतः लिहून नेला. साहेबांनी तो वाचला, "अरे, ही एवढं सगळं करते?" म्हणाले आणि सही केली. त्यानंतर त्यांनी तिला दोन जास्तीची कामं दिली.

मग शिकवणी सुरू झाली. माझा रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये वर्ग असतोच. सोसायटीतल्या इंग्रजी शाळांच्या मुलांना मराठी विषय घ्यावा लागतो, मी तो त्यांना शिकवतो. फी नाही, फक्त चपला रांगेत काढायच्या. मुलांना शिकवण्यासारखं सुख नाही. मूल एखादा शब्द पहिल्यांदा बरोबर वापरतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवी चप्पल घातल्यासारखं काहीतरी येतं. मोठ्यांना शिकवण्यात ते नाही. मोठी माणसं वाद घालतात.

पंचशीलाने पहिल्याच दिवशी घातला. मी अँटिबायोटिकला 'प्रतिजैविक' लिहून दिलं होतं.

"पप्पा, मी पेशंटला प्रतिजैविक म्हटलं तर तो सलाइन काढून पळेल."

"शब्द चांगला आहे."

"शब्द चांगलाच आहे. पेशंट घाबरट आहे."

शेवटी तह झाला. लोकांच्या तोंडी आहे ते ठेवायचं, नाही तिथे माझं घ्यायचं. तरी मी हार मानली नाही. तारण, भाडेकरार, विमा, मूत्रपिंड, पालकत्व असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून मी तिच्या खोलीभर चिकटवले. कपाटावर, आरशावर, आणि झोपल्यावरही दिसावेत म्हणून काही छतावर. शिडी गुणवंतभाईंनी दिली आणि खाली धरून उभे राहून गुजराती प्रतिशब्द सुचवत राहिले.

संवादाचा सराव मुलांनी करून घेतला. गुणवंतभाईंची पूर्वी नावाची नात म्हातारी पेशंट झाली, बी विंगमधला बंटी इंग्रजी बोलणारा डॉक्टर. पूर्वी कमरेत वाकून म्हणाली, "डॉक्टर, माझे गुडघे सकाळी कुरकुरतात आणि जिना चढताना रडतात."

पंचशीलाने ते झकास इंग्रजीत सांगितलं. बंटीने घसा साफ केला. "यू नीड ॲन ऑपरेशन. इट मे नॉट वर्क."

"ऑपरेशन करावं लागेल," पंचशीला म्हणाली. "काळजी करू नका, सगळं नीट होईल."

मी हात वर केला. "डॉक्टर असं म्हणाले का?"

"नाही."

"काय म्हणाले?"

"की ऑपरेशनचा उपयोग होईलच असं नाही. पण असं तोंडावर कोणी सांगतं का पेशंटला?"

"डॉक्टर सांगतोय."

"मग डॉक्टर चुकतोय."

नियम साधा होता. बोलणारा जे बोलला ते सगळं आणि फक्त तेवढंच सांगायचं. पदरचं घातलं की गुण कापले. आणि आमची मुलगी प्रत्येक वाक्यात पदरचं घालत होती. बँकेने कर्ज नाकारलं की ही "काळजी करू नका, दुसरी बँक बघू." शाळेने प्रवेश नाकारला की "काळजी करू नका, पोरगी हुशार आहे." आयसीयूच्या दारात नातेवाईकांना सांगून सांगून ते शब्द तिच्या जिभेला चिकटले होते. आणि आमच्याकडे तसं कोणीच कोणाचं बोलणं कोरडं पोचवत नाही. बँकेत सोबत गेलेला माणूस साहेबाचं म्हणणं सांगतो, वर धीर देतो, वर चहासुद्धा पाजतो. ऑस्ट्रेलियाला यातलं फक्त पहिलं हवं होतं.

उपाय पूर्वीने काढला. घरून स्टीलची थाळी आणि चमचा आणला. ताईने 'काळजी करू नका' म्हटलं की ठण्ण. पहिल्या संध्याकाळी एवढे ठणाणे झाले की समोरच्या इमारतीतून कोणीतरी आरती कुठे आहे म्हणून विचारून गेलं.

मुलांना एकदा अधिकार दिला की तो तुमच्या हिशेबात राहत नाही. आठवडाभरात सोसायटीत कोणालाच धीर देता येईना. राजश्री दूधवाल्याला म्हणाली, "काळजी करू नका, उद्या देते," तर जिन्यातून ठण्ण. गुणवंतभाईंच्या 'टेन्सन नाय घेयाचा'ला बंटीने अर्धा गुण कापायचं ठरवलं. त्यांनी सेक्रेटरी या नात्याने लेखी निषेध नोंदवला. मुलांनी तो थाळी वाजवून फेटाळला.

पण ठणाणे कमी होत गेले. महिन्याभराने पंचशीला डॉक्टरचं वाईट बोलणं तसंच्या तसं सांगू लागली. सांगून झालं की ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसायची. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी ती थाळी लपवून ठेवावीशी वाटायची.

परीक्षा घरूनच होती, कॅमेऱ्यासमोर. अटी दोन, खोलीत दुसरा माणूस नको आणि आवाज नको. पहिली पाळता येण्यासारखी होती. दुसरी भाईंदरमध्ये बसून पाळायची म्हणजे ऑस्ट्रेलियाने आमची चेष्टाच केली होती. बरोबर आमच्या डोक्यावर गुणवंतभाईंच्या घरात लाद्या बदलत होत्या आणि कटर सकाळपासून रडायचा.

मी वर गेलो. आधी बोलणं पाठ करून गेलो होतो, विनंतीचंही आणि भांडणाचंही. गुणवंतभाईंनी दोन्ही ऐकून घेतलं नाही. "मास्तर, पोरगी पहिली आपली, मग लादी." त्यांनी कारागिरांना परीक्षेपुरती सुट्टी दिली आणि खाली फलकावर तीन भाषांत नोटीस लावली. परीक्षा चालू, शांतता पाळा, ऑस्ट्रेलिया.

सगळ्यांनी मदत केली, हीच पंचाईत झाली. वॉचमनने फाटकाला तेल घालून ठेवलं. कुकर कोणी लावला नाही. फक्त लिफ्ट ऐकेना. तिचा दरवाजा उघडा राहिला की आतली रेकॉर्ड केलेली बाई विनवणी करत राहते, तिला नोटीस वाचता येत नाही. म्हणून गुणवंतभाईंनी लिफ्टच बंद केली. मग पाचव्या मजल्यावरची माणसं जिन्याने चढली आणि प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्याने धापा टाकू लागली. जो तो आमच्या दाराशी येऊन कुजबुजत विचारत होता, शांतता नीट आहे ना.

मी बंद दाराबाहेर स्टुलावर. आतून इंग्रजी आवाज आला. परीक्षा घेणारी बाई खोली दाखवायला सांगत होती. भिंती, टेबल, टेबलाखाली. मग विचारलं, छतावर काय आहे?

आम्ही कपाटावरचे कागद काढले होते. आरशावरचे काढले होते. छताकडे कोणी बघितलंच नव्हतं.

माझा हात कडीवर गेला. राजश्रीने तो धरला. आत गेलो असतो तर परीक्षा तिथेच संपली असती. आतून पलंग करकरला, झाडूचा आवाज आला, कागद टराटरा फाटला. थोड्या वेळाने पंचशीलाचा आवाज, "इट्स क्लीन नाऊ." मी स्टुलावर परत बसलो तेव्हा लक्षात आलं की मी शिडी मिळते म्हणून छतावर चढणारा माणूस आहे.

पहिला संवाद झाला. दुसरा सुरू झाला आणि जिन्यातून हाक आली, "बोंबील, मांदेली, कोलबी." विमलाबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक मजल्यावरून एकदम "शूऽऽ" झालं. एवढं मोठं शूऽ त्या इमारतीत कधी झालं नसेल. विमलाबाई जिन्यातच थांबल्या. "काय झाला? कोन मेला का?"

आतून पंचशीला शांतपणे म्हणाली, "कॅन आय हिअर दॅट अगेन, प्लीज?" पुन्हा ऐकायची एक सवलत होती, ती मांदेलीत गेली.

ती बाहेर आली तेव्हा ओढणी घामाने ओली होती. दारात सोसायटीची निम्मी कमिटी उभी.

"काय आलं होतं?" मी विचारलं.

"सांगायचं नसतं, पप्पा. नियम आहे."

"एखादा शब्द तरी."

ती पाणी प्यायली. "एवढंच सांगते, म्हातारा फार हट्टी होता."

"कोणता म्हातारा?" राजश्रीने विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याला जे सांगायचं होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं. पुढचं एक वाक्य गिळलं." मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. गुणवंतभाईंनी कटर सुरू करायला स्वतःहून अजून एक तास घेतला.

निकाल वाढदिवसाच्या आत आला. पास. पाच गुण चढले, आणि नोव्हेंबर उजाडायच्या आत बोलावणंही आलं. राजश्री रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आता स्थळं बघायला हरकत नाही ना?"

"थांब थोडी," पंचशीला म्हणाली. "आत्ता केलं तर दहा जातील."

वाढदिवसाला केक आणला. या वेळी कोणाला काही कापायचं असेल तर केकच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये वर्ग चालू असताना भूपेश आला. पेढ्यांचा पुडा हातात होता. चपला रांगेत काढून मुलांच्या मागे उभा राहिला. मला वाटलं, बोर्ड लावायला फोटो मागायला आला असेल.

"सर, एक बात थी," तो म्हणाला. "मराठी के लिए और भी लोग आएँगे. आप सिखाएँगे?"

"मराठीत विचारा," मी म्हणालो.

दरडावून नाही म्हणालो. उत्तर येत असून खाली बघणाऱ्या मुलाला म्हणतो तसं म्हणालो. कोणाच्या अंगावर भाषा फेकून ती त्याला येत नाही, हे मी अनेक वर्षं पाहिलंय. भूपेश पुड्याच्या दोरीशी चाळा करत राहिला. पूर्वी, बंटी, सगळी मुलं मागे वळून बघत होती.

"गुरुजी," तो म्हणाला, आणि आवाजच बदलला. "मी राई गावचा. आमचं घर खाडीकडंच हाय. दुसरं कोनी न्हाय, मलाच शिकायचंय. माझेपन पाचच कमी हायेत."

मला ते ऑफिस आठवलं. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन मराठी माणसं बसून अर्धा तास हिंदीत एकमेकांना समजावत होती की मराठी घ्यावी की नाही.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"ऑफिसात आमची बोली काढली की लोक हसतान, गुरुजी. म्हनून हिंदी. आता परीक्षेची मराठी येल का मला, काय म्हाईत."

मला विमलाबाईंचा प्रश्न आठवला. तेव्हा मी फक्त पैसे मोजले होते. मी पूर्वीला सरकायला सांगितलं. भूपेश इस्त्रीच्या पॅंटसकट सतरंजीवर बसला.

"बोली हसण्याची गोष्ट नाही," मी म्हणालो. "ती ठेव. तिच्या शेजारी दुसरी बसवू. तू काळजी करू नकोस."

ठण्ण.

बंटीने चमचा वरच धरला होता. वर्ग माझ्याकडे बघत होता. "सर, पदरचं घातलंत," पूर्वी म्हणाली. "गुण कापले."

"कापा," मी म्हणालो. "माझे मुळात शून्यच आहेत."